तिसरा प्रश्न

त्या हंगामात गायी उलटायला लागल्या. एखादी उलटली तर माणूस नशिबाला बोल लावतो, दोन उलटल्या तर वैरणीला. पण फळवून तीन आठवडे होतात न होतात तोच पाच गायी गाभण न राहता पुन्हा माजावर येऊन हंबरायला लागल्या, तेव्हा लोकांनी वळूकडे बोट दाखवलं. वळूकडे बोट म्हणजे वळूवाल्याकडेच बोट.

त्याला सगळे वळूवालाच म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते कागदावरच राहिलं होतं. बापाचाही हाच धंदा. आसपासच्या गोठ्यातली गाय माजावर आली की याच्याच अंगणात यायची. अंगणाच्या मधोमध, जनावर हलू नये म्हणून रोवलेला चार जाड खांबांचा खोडा. एका अंगाला वळू, दुसऱ्या अंगाला घरच्या तीन गायी, आणि समोर दोन खोल्यांचं घर. घरात तो, त्याची आई आणि बायको. चौथं माणूस यायचं होतं, ते आलंच नव्हतं.

बापाने एक रीत घालून दिली होती. गाय खोड्यात घेण्याआधी मालकाने तिच्या पाठीवर हात ठेवायचा आणि तीन प्रश्नांची खरी उत्तरं द्यायची. शेवटची कधी व्याली? कधी गाभडली होती का, गर्भ टाकला होता का? आणि तिसरा प्रश्न, दुसरीकडे नेली होती का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर गाय परत. तीन महिने वेगळी बांधायची, गुरांच्या डॉक्टरला दाखवायची, तो बरी म्हणाला की मग आणायची. यात कुणाला राग नव्हता. चारचौघांत, बायकापोरींसमोर तो खणखणीत आवाजात विचारायचा, आणि लोक काल ऊन फार होतं असं सांगावं तसं सांगून टाकायचे. गुरांमध्ये वावरणाऱ्यांना कसला आडपडदा? सगळा आडपडदा होता तो दहा पावलांवरच्या त्या दोन खोल्यांत.

गुरांचा डॉक्टर आला, वळूचा नमुना घेऊन गेला आणि आठवड्याने सांगत आला, "लागण आहे. आजारी गायीकडून आलेली. औषध देऊ, पण तीन महिने एकही गाय घ्यायची नाही."

वळूवाल्याने त्याच दिवशी घरोघर जाऊन सांगितलं, "माझ्या वळूला लागण झालीय. तुमच्या गायी तपासून घ्या." लोकांनी वाईट वाटून घेतलं. बिचारं जनावर, म्हणाले. एका म्हातारीने तर वळूसाठी टोपलीभर कोंडा दिला.

मग लागण आणली कुणी, याचा त्याने छडा लावला. बुटका गवळी. आपली गाय त्याने गुपचूप लांबच्या एका वळूकडे नेली होती, तिथे ती गाभण राहिली नाही म्हणून इकडे आणली, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून चक्क 'नाही' म्हणाला होता.

वळूवाला त्याच्या दारात जाऊन कडाडला. बुटक्याची बायको भांडी घासत होती, शेजारी कुंपणावरून डोकावत होते.

"खोटं का बोललास?"

"लाज वाटली रे," बुटका पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला. "तुला सोडून दुसरीकडे गेलो होतो. कुठल्या तोंडानं सांगणार?"

"तुझ्या लाजेपायी पाच गायी उलटल्या! जनावराला बोलता येत नाही, तुला येत होतं ना?"

वळूवाला मोठ्या तोऱ्यात निघाला. वळणापर्यंत तोरा टिकला. वळणावर मात्र त्याला झुडपाआड जावं लागलं आणि तिथे, लघवी करताना, त्याने दातांत सदऱ्याची बाही धरली. निखाऱ्यावरून धार जावी तशी आग होत होती. नाकाने कांदे सोलून आलेल्या माणसाच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं.

दोन महिन्यांपूर्वी तो गुरांच्या बाजाराला गेला होता. चार दिवस, तीन मुक्काम. बाजारामागच्या खोल्यांतल्या एकीत तो एका संध्याकाळी शिरला होता. बाजाराला गेलेले पुरुष जातात, आणि परत आल्यावर बैलांच्या दातांबद्दल बोलतात. चार वर्षांपूर्वीही तो असाच गेला होता. तेव्हाही आग झाली होती, कपड्यांना डाग पडले होते. तेव्हा त्याने वळूच्या औषधांच्या पेटीतलंच काहीतरी अंदाजाने घेतलं, आठ दिवसांत बरं वाटलं, आणि सुटलो म्हणून तो मोकळा झाला. या वेळीही त्याने पेटी उघडली. पण या वेळी नुसत्या ओकाऱ्या झाल्या, आग गेली नाही.

बायकोपासून तो लांब झोपायला लागला होता, पण तेही उशिरा. बाजारातून परतल्यावर पहिले आठ-दहा दिवस काही जाणवलंच नव्हतं.

शेवटी एका सकाळी, पेंड आणतो असं सांगून तो बसने दोन तासांवरच्या गावी गेला. जवळच्या दवाखान्यात सगळे ओळखीचे. या दवाखान्यात कुणी ओळखीचं नव्हतं, तरी बाकावर बसल्यावर प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघतोय असं त्याला वाटत राहिलं. चोराच्या मनात चांदणं. खिडकीतल्या माणसाने सगळ्यांसमोर विचारलं, "काय होतंय?"

"खोकला," तो म्हणाला.

आत डॉक्टरीणबाई होत्या. बाई बघून त्याने पुन्हा खोकलाच सांगितला. त्यांनी छातीला नळी लावली. "खोकून दाखवा."

तो खोकला. त्याला स्वतःलाच ते खोटं वाटलं.

"खोकला नाहीये तुम्हाला," बाई म्हणाल्या. "काय आहे ते सांगा. मी रोज सगळं ऐकते."

"गुराचं असतं तर सांगितलं असतं," तो जमिनीकडे बघत पुटपुटला. "वळू आहे माझ्याकडे."

"मग वळूचं म्हणून सांगा."

आणि त्याने सांगितलं. वळू बाजाराला गेला होता, असं सुरू केलं. वळूला लघवीला जळजळ होते. पू येतो. चार वर्षांपूर्वी पण झालं होतं. त्याचे कान तापले होते, पण एकदा सुरू झाल्यावर शब्द येत गेले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि या वळूच्या गायी किती?"

"एकच," तो म्हणाला. "घरची."

बाईंनी तपासलं, लघवी तपासायला घेतली, आणि दुपारी पुन्हा आत बोलावलं. "औषधाने बरं होण्यासारखं आहे. रोज एक गोळी, सात दिवस. पण तुमच्या बायकोलाही घ्यावी लागेल. तिला काही जाणवत नसलं तरी. तिला घेऊन या, तपासते आणि गोळ्या देते."

"ती माहेरी आहे," तो खोटं बोलला. "लांब."

"मुलं?"

"नाहीत. एक गेलं. तिसऱ्या महिन्यात. चार वर्षं झाली."

"त्यानंतर ओटीपोटात दुखतं तिच्या?"

त्याच्या डोळ्यांसमोर बायको आली. तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून पोटाशी धरून चुलीपुढे बसलेली. किती दुपारी त्याने तिला तशी पाहिली होती! बायकांचं असतं काहीतरी, म्हणून तो वैरण टाकायला निघून जायचा.

"यानं होऊ शकतं," बाई म्हणाल्या. "यानंच झालं की नाही, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. लवकर आणा तिला." त्यांनी कपाटातून आणखी एक पाकीट काढलं. "तुम्ही परत येणार नाही असं दिसतंय मला. म्हणून तिच्याही गोळ्या देते. पण कशासाठी आहेत ते तिला सांगून द्या. सांगून, कळलं?"

तो हो म्हणाला. हो म्हणायला काय लागतं!

घरी आला तर आई दारात बसून शेंगा निवडत होती, आणि बायको अंगणात विळ्याने कडबा तोडत होती. आईचा आवाज मुळात मोठा, आणि हा विषय निघाला की तिला तो आणखी चढायचा.

"तिच्या भावाला निरोप धाडलाय मी. पुढच्या आठवड्यात येऊन घेऊन जाईल. पाच वर्षं वाट बघितली, पुष्कळ झाली. उलटणारी गाय कोण दावणीला ठेवतं? वांझ ती वांझच. तुझ्यासाठी दुसरं घर बघून ठेवलंय."

विळा एकदाही थांबला नाही. कडब्याचे तुकडे एकसारखे पडत राहिले. वळूवाल्याच्या खिशात गोळ्यांची दोन पाकिटं होती आणि जिभेवर एक वाक्य होतं. ते वाक्य तेवढं बोलला असता तर आईचं तोंड कायमचं बंद झालं असतं. त्याने विचारलं, "पाणी पाजलं का वळूला?"

बायकोला गोळ्या कशा द्यायच्या याचा त्याने दिवसभर विचार केला. सांगून द्यायच्या, हे सोडून बाकी सगळे विचार केले. आणि त्याला सुचलं ते त्याच्या धंद्यातलंच. जनावराला औषध द्यायचं तर कुणी त्याला समजावून सांगत नाही. गुळाच्या खड्यात दाबून भरवतात. तसं भरवण्यात तो आणि बायको दोघंही तरबेज होती. घरची पांढरी गाय तेवढी हुशार. गोळी गालात धरून ठेवायची आणि पाठ वळली की गव्हाणीत थुंकायची. तिच्या गालात बोटं घालून खात्री करायचं काम बायकोचं.

त्याने खजूर आणले. बी काढलं, गोळीची पूड केली, आत दाबली.

संध्याकाळी दूध काढून ती हात धूत होती. तो जवळ गेला. "तोंड उघड."

"हे काय नवीन?" ती हसली. सासू कुठे आहे ते तिने आधी बघून घेतलं. पाच वर्षांत त्याने तिच्यासाठी कधी काही आणलं नव्हतं, मग भरवणं तर लांबच. तिचे कान लाल झाले. तिने डोळे मिटून तोंड उघडलं, त्याने खजूर आत ठेवला आणि तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांकडे बघायची त्याची हिंमत नव्हती. तसाच तो वळूच्या गोठ्यात गेला आणि त्याला वाटलं, जमलं.

दुसऱ्या संध्याकाळी ती हसली नाही. पण तोंड उघडलं. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. रोज तो भरवायचा आणि रोज तोंड फिरवायचा. त्या आठवड्यात ती फार बोलत नव्हती. त्याने काढून दिलेल्या पाण्याऐवजी सासूच्या तांब्यातलं प्यायची, सासूचं ताट झाल्यावर त्याच भांड्यातलं वाढून घ्यायची. हे सगळं त्याला दिसलं, पण कळलं काहीच नाही. त्याची स्वतःची आग कमी होत होती, तेवढ्याने तो हलका झाला होता. सात दिवस झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्याने रिकामी पाकिटं शेणखड्ड्यात पुरली.

आठव्या दिवशी सकाळी भाऊ यायचा होता. बायकोचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं होतं. तो वळूला खरारा करत असताना ती गोठ्यात आली, आढ्याच्या खाचेतून एक पत्र्याचा डबा काढला आणि त्याच्यापुढे उघडला.

आत सात खजूर होते. चेपलेले, वाळलेले, ओळीने ठेवलेले.

"मुंग्यासुद्धा लागल्या नाहीत," ती म्हणाली. "गुळाचा कण सांडला तरी इथे मुंग्यांची रांग लागते."

त्याच्या हातातला खरारा खाली पडला.

"पहिल्या दिवशी मला वाटलं..." ती थांबली. "जाऊ दे, काय वाटलं ते. चावला तर कडूजहर. तेव्हाच समजले. आत्याबाईंना मी घरात नकोय, ते मला माहीत होतं. पण तुम्ही विष घालाल असं नव्हतं वाटलं. एवढी घाई होती तर सांगायचं ना. दादाबरोबर मी आपल्या पायानं गेले असते."

"विष?" तो एकदम पुढे झाला. "विष नाही ते! शपथेवर सांगतो!"

त्याने डब्यातला एक खजूर उचलून तोंडात टाकला, तिच्यासमोर चावला आणि गिळला. सात दिवसांचा वाळलेला, तिच्या तोंडातून निघालेला, कडू. ती बघत राहिली. तिच्या खांद्यांमधला ताण जरासा सैल झाला, आणि मग तिचा चेहरा आणखीच कोरडा झाला.

"मग काय आहे?"

"औषध."

"कशाचं? मला काय झालंय?"

पहिला दिवस सोडला तर सहा दिवस ही बाई आपला नवरा आपल्याला मारतोय असं समजून त्याच्यापुढे तोंड उघडत होती. ते त्याच्या आता ध्यानात आलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात बाहेरून आईची हाक आली, "आला गं तुझा भाऊ!"

भाऊ अंगणात उभा होता. उन्हातून आलेला, घामाने भिजलेला, बहिणीला परत न्यायला आलेल्या माणसाचा असतो तसा खाली बघणारा. बुटका गवळीही नेमका तेव्हाच आला होता. चूक पोटात घाला म्हणून वळूसाठी हिरव्या चाऱ्याचा भारा घेऊन आला होता, तो तसाच डोक्यावर धरून कडेला थांबला.

"ने बाबा," आई म्हणाली. "आमच्याकडून काही कमी केलं नाही. वांझेला पाच वर्षं सांभाळली."

"दाजी, तुमचं काय म्हणणं?" भावाने विचारलं.

वळूवाला खोड्याशी उभा होता. त्याचं काहीच म्हणणं नव्हतं.

बायकोने गाठोडं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "दादा, जरा थांब. या अंगणाची एक रीत आहे. विचारल्याशिवाय इथे काही होत नाही." ती नवऱ्याकडे वळली. "हात ठेवा."

"कशावर?"

"ठेवा कशावरही. मीही उभी आहे, खोडाही आहे."

तिच्या पाठीवर हात ठेवण्याची त्याची लायकी नव्हती. त्याने खोड्याच्या खांबावर ठेवला. दोर घासून घासून तो खांब तिथे गुळगुळीत झाला होता. तिसरा प्रश्न त्याने याच जागी उभं राहून किती जणांना विचारला होता, याची मोजदाद नव्हती. तो ऐकायला कसा असतो हे त्याला माहीत नव्हतं.

"दुसरीकडे गेला होता का?" तिने विचारलं. आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"काय विचारतेस गं हे? शुद्धीवर आहेस का?" आई म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

"काय हो?"

"गेलो होतो. बाजाराला. लागण झाली मला. ते औषध त्याचंच होतं. तुलाही घ्यावं लागतं, म्हणून."

"कधी गेला होता?"

"आत्ता दोन महिन्यांपूर्वी." त्याचा हात खांबावर घट्ट झाला. "आणि चार वर्षांपूर्वी."

चार वर्षं मागे जाऊन ती काहीतरी शोधत होती आणि ते तिला सापडलं, हे सगळ्यांना दिसलं. तिचा हात पोटाशी गेला. "म्हणजे ते लेकरू..."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यानं होऊ शकतं. तपासल्याशिवाय सांगता येत नाही म्हणाल्या. पोटात दुखतं तेही. मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं तेव्हा."

"हळू बोल!" आई एकदम त्याच्या अंगावर आली. "हळू बोल, लोक ऐकतायत!"

वांझ हा शब्द तिने चार वर्षांत एकदाही हळू उच्चारला नव्हता. ते तिचं तिलाच कळलं असावं, कारण पुढे काही न बोलता ती पायरीवर बसली आणि तिने पदर तोंडाला लावला.

भावाच्या मुठी वळल्या होत्या. तो पुढे आला, पण बहिणीने हात आडवा केला.

"मागे तुम्ही यांना दारात जाऊन काय बोललात," ती बुटक्याकडे बघून नवऱ्याला म्हणाली, "ते घरी येऊन मला दोनदा ऐकवलंत. जनावराला बोलता येत नाही, तुला येत होतं ना? असंच ना?"

बुटक्याने भारा खाली ठेवला आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

"औषध कुठे आहे? आता उघड्या हातानं द्या."

"संपलं. सगळं खजुरातच होतं."

"मग दवाखाना कुठे ते दादाला सांगा."

त्याने सांगितलं. कुठली बस, कुठे उतरायचं, कुठलं वळण. खिडकीतला माणूस मोठ्याने विचारतो, हेही सांगितलं.

"विचारू दे," ती म्हणाली. "मी सांगेन. मी काय केलंय?" मात्र हे बोलतानाच तिची मान खाली गेली. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढला, आणि अंगणातून बाहेर पडेपर्यंत तो तसाच धरून ठेवला. काही केलं नव्हतं, तरी लाज तिच्याच वाट्याला आली होती. ते त्याने पाहिलं.

"परत..." तो मागून म्हणाला.

ती थांबली, वळली नाही. "तीन महिने वेगळी बांधायची, ही रीत तुमचीच ना?" एवढं बोलून ती भावामागून चालायला लागली.

बुटका भारा सोडून वळूपुढे चारा टाकून आला. जाताना तो खोड्यापाशी घुटमळला. टोमणा मारायचा त्याला पुरेपूर हक्क होता. पण तो नुसतं म्हणाला, "वाटते रे लाज," आणि गेला.

दुपार कलल्यावर एक अनोळखी माणूस लांबून गाय घेऊन आला. वळू बंद आहे हे त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं, पण रीत पोचली होती. विचारायची वाट न बघता त्याने गायीच्या पाठीवर हात ठेवला आणि सुरू केलं, "दीड वर्षापूर्वी व्याली. गाभडली कधीच नाही. आणि दुसरीकडे नेली होती बघ, गेल्या महिन्यात. खोटं कशाला बोलू?"

इतकं सोपं होतं ते. वळूवाला त्या पाठीवरच्या हाताकडे बघत राहिला.

"वळू आजारी आहे," तो शेवटी म्हणाला. "आणि तिलाही दाखव डॉक्टरला. तीन महिने वेगळी बांध."

"बांधतो. मग घेशील ना परत?"

बायको गेली होती त्या रस्त्याकडे वळूवाल्याने पाहिलं. रस्ता पार वळणापर्यंत रिकामा होता.

"गायीला घेतात," तो म्हणाला.